किल्ल्याच्या पायात कोणाचे पैसे?

डिस्ने कंपनीचा इतिहास सांगायचा म्हटलं की तारखा पाठोपाठ येतात. 16 ऑक्टोबर 1923 रोजी वॉल्ट आणि रॉय या भावांनी लॉस एंजेलिसमध्ये कार्टूनपटांचा स्टुडिओ काढला. 1928 मध्ये मिकी माउस बोलपटात आला. 1937 मध्ये हिमगौरी आणि सात बुटके मोठ्या पडद्यावर अवतरले. मग 1955 मध्ये कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, 1971 मध्ये फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, 1983 मध्ये टोकियो, 1992 मध्ये पॅरिस, 2005 मध्ये हाँगकाँग, 2016 मध्ये शांघाय. कंपनीचे टप्पे म्हणून याच तारखा सांगितल्या जातात.

या यादीबद्दल माझी तक्रार अशी की ती सगळी उद्घाटनांची आहे. थीम पार्कचं दार उघडण्याच्या कितीतरी आधी कुठल्यातरी कार्यालयात एक करार झालेला असतो. जमीन कोणत्या भावाने द्यायची, रस्ते कोणी बांधायचे, कर किती वर्षं माफ करायचा आणि तोटा झाला तर तो कोणाच्या डोक्यावर, हे सगळं त्या कागदावर ठरतं. पुढची तीस-चाळीस वर्षं शहर त्या कागदाने बांधलं जातं. करमणुकीच्या उद्यानासाठी सार्वजनिक पैसा द्यावा की नाही, या वादात दोन्ही बाजू नोकऱ्यांचे आणि पर्यटकांचे आकडे एकमेकांवर फेकतात. करार मात्र फार थोडे जण उघडून वाचतात. मला वाटतं, ज्याने जोखीम घेतली त्याला हिस्सा मिळाला पाहिजे, हा धंद्यातला साधा नियम शहरांनाही लागू व्हायला हवा. आणि हा नियम डिस्नेच्याच इतिहासातून सर्वांत स्वच्छ दिसतो.

करार ही काय चीज असते हे डिस्ने बंधूंना फार लवकर कळलं होतं, तेही ठेच लागून. 1927 मध्ये त्यांच्या स्टुडिओने ऑस्वल्ड नावाचा ससा तयार केला आणि तो लोकांना आवडला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला वॉल्ट न्यूयॉर्कला वितरक चार्ल्स मिंट्झकडे वाढीव पैसे मागायला गेला. मिंट्झने उलट आधीपेक्षा कमी देऊ केले. सशाचे हक्क युनिव्हर्सलकडे होते, आणि स्टुडिओतले बहुतेक चित्रकारही मिंट्झने आधीच फोडले होते. म्हणजे ज्यांनी ससा काढला त्यांच्याकडे ससाही उरला नाही आणि हातही उरले नाहीत. त्यानंतर जन्मलेला उंदीर कंपनीने कधीही दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिला नाही. ऑस्वल्ड परत आला तो थेट 2006 मध्ये, एनबीसी युनिव्हर्सलशी केलेल्या देवघेवीत. बदल्यात डिस्नेने अल मायकल्स या क्रीडा समालोचकाला आपल्या करारातून मोकळं केलं. एका सशासाठी 78 वर्षांनी असा सौदा करणाऱ्या कंपनीला मालकीचं मोल कोणी समजावून सांगायची गरज नाही. तिच्यासमोर बसणाऱ्यांना ते तितकंच कळतं का, एवढाच प्रश्न आहे.

डिस्नेलँडच्या जन्माची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. 1953 च्या सप्टेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी वॉल्टने हर्ब रायमन या चित्रकाराला बसवून घेतलं आणि शेजारी उभं राहून आपल्या डोक्यातलं उद्यान सांगत गेला. रायमनने पेन्सिलीने ते वरून दिसेल तसं काढलं. सभोवार रेल्वेचा रूळ, प्रवेशाला एक मुख्य रस्ता, मधोमध किल्ला आणि किल्ल्यापासून फुटणाऱ्या वाटा. हे चित्र घेऊन रॉय न्यूयॉर्कला पैसे उभे करायला गेला. एबीसी ही तेव्हाची कमजोर दूरचित्रवाणी कंपनी पुढे आली. तिने 5 लाख डॉलर गुंतवले, 45 लाख डॉलरच्या कर्जांना हमी दिली आणि उद्यानात 34.48 टक्के हिस्सा घेतला. शिवाय डिस्नेने तिच्यासाठी दर आठवड्याला कार्यक्रम करायचा, असंही ठरलं. ऑक्टोबर 1954 मध्ये तो कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ॲनाहाइममध्ये संत्र्यांच्या बागा तोडून 160 एकरांवर बांधकाम चालू होतं.

17 जुलै 1955 चा पहिला दिवस फजितीचा होता. खोटी निमंत्रणपत्रं छापून हजारो लोक आत घुसले. उन्हाने नुकतंच टाकलेलं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतायला लागल्या. नळजोडणी करणाऱ्या कामगारांचा संप नुकताच मिटला होता. उरलेल्या वेळात पिण्याच्या पाण्याचे नळ तरी पुरे होतील किंवा स्वच्छतागृहं तरी, अशी पाळी आल्यावर वॉल्टने स्वच्छतागृहं निवडली. लोक तहानेने कावले. हे सगळं एबीसीवर थेट दाखवलं जात होतं. उद्यान बुडालं असतं तर एबीसीचे पैसे आणि हमी दोन्ही बुडाले असते. उद्यान बुडालं नाही. काही आठवड्यांतच दहा लाखावा पाहुणा आत आला. 1960 मध्ये डिस्नेने एबीसीचा हिस्सा 75 लाख डॉलर मोजून परत विकत घेतला.

5 लाख घालून सहा-सात वर्षांत 75 लाख. एबीसीला कोणी दोष दिला नाही आणि देऊही नये. उद्यान कागदावर होतं तेव्हा तिने पैसे लावले होते. पण हा आकडा ध्यानात ठेवायला हवा, कारण ॲनाहाइमने चाळीस वर्षांनी याच कंपनीसाठी किती घातले आणि काय मिळवलं, ते याच मापाने मोजता येतं.

त्याआधी फ्लोरिडाकडे बघू, कारण इथे कंपनीने पैशापेक्षा मोठी गोष्ट मागितली. ॲनाहाइममध्ये उद्यानाभोवती दुसऱ्यांची मोटेल आणि दुकानं उभी राहिली आणि गर्दीवरचा नफा त्यांनी मिळवला, हे वॉल्टला खुपत होतं. म्हणून ऑर्लँडोजवळ नावं लपवून, वेगवेगळ्या बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत सुमारे 27,000 एकर जमीन घेतली गेली. मॅनहॅटन बेटाच्या जवळजवळ दुप्पट. सरासरी भाव एकराला 200 डॉलरच्याही आत पडला. खरेदीदार कोण हे 1965 च्या ऑक्टोबरमध्ये स्थानिक वृत्तपत्राने फोडलं आणि नोव्हेंबरात कंपनीने राज्यपालांना शेजारी बसवून ते जाहीर केलं. खासगी खरेदीदाराने नाव लपवणं बेकायदा नव्हतं. पण त्या शेतकऱ्यांना आपण कोणाशी बोलतोय हे कळलं असतं तर भाव वेगळा झाला असता, यात शंका नाही.

डिसेंबर 1966 मध्ये वॉल्ट गेला. जाण्यापूर्वी त्याने एक चित्रफीत करून ठेवली होती. तीत एपकॉट नावाच्या भविष्यातल्या नगराचा आराखडा होता. 20,000 रहिवासी, जमिनीखालून वाहतूक, मधोमध छताखालचं शहर. 1967 च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या लोकप्रतिनिधींना आणि पत्रकारांना ती दाखवली गेली. मे महिन्यात राज्यपाल क्लॉड कर्क यांनी रीडी क्रीक सुधार जिल्ह्याच्या कायद्यावर सही केली. या कायद्याने कंपनीच्या जमिनीवर जवळजवळ स्वतंत्र सरकार उभं राहिलं. स्वतःचे बांधकाम नियम, स्वतःचं अग्निशामक दल, रोखे काढायचा अधिकार, विमानतळाची मुभा, अगदी अणुवीज केंद्र उभारायचीही मुभा. मतदान जमीनमालकांचं, आणि तेही एकराला एक मत या हिशेबाने. म्हणजे मतदार कोण, तर कंपनी.

माझ्या मते कंपनीच्या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच, आणि या दिवशी कोणताही किल्ला उघडला नव्हता. राज्याने एवढे अधिकार कशासाठी दिले? नगर वसवायचं म्हणून. ते नगर कधी वसलंच नाही. 1 ऑक्टोबर 1982 ला एपकॉट उघडलं ते तिकीट काढून बघायचं उद्यान म्हणून. जिल्ह्यात कायमचे रहिवासी मूठभर, तेही बहुतेक कंपनीशी संबंधित. वचन गळून पडलं, अधिकार मात्र 55 वर्षं टिकले. कायद्यात 'अमुक वर्षांत नगर झालं नाही तर हे अधिकार परत' असं एक वाक्य असतं तर 1982 नंतरचा फ्लोरिडाचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. रीडी क्रीकने कामं उत्तम केली. दलदलीच्या जमिनीत कालवे काढून पाण्याची पातळी सांभाळली, इमारतींचे कडक नियम केले, रस्ते चोख ठेवले आणि त्या सगळ्याचा खर्च मुख्यतः कंपनीच्याच करातून भागवला. कंपनीने नागरी कामं स्वतःच्या पैशाने नीट केली, तर बिघडलं कुठे, असं विचारणारे लोक मूर्ख नाहीत. बिघडलं ते हे की इतके मोठे अधिकार कोणाच्याही देखरेखीशिवाय राहिले, आणि देखरेख अखेर आली ती सार्वजनिक हिशेबातून आलीच नाही. 2022 मध्ये शाळांतल्या शिक्षणाबद्दलच्या एका कायद्यावर कंपनीने जाहीर विरोध नोंदवला, राज्यपाल रॉन डीसँटिस चिडले, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये जिल्ह्याचं मंडळ राज्यपालांनी नेमायचं असा कायदा झाला. जुन्या मंडळाने जाता जाता नव्या मंडळाचे हात बांधणारा करार केला. त्यातल्या एका कलमाची मुदत इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांच्या हयात वंशजांपैकी शेवटचा माणूस गेल्यानंतर 21 वर्षांपर्यंत होती. मार्च 2024 मध्ये तडजोड होऊन ते करार रद्दबातल ठरले.

मी या भांडणात कोणाच्याही बाजूने उभा राहत नाही. कंपनीने मत मांडलं म्हणून तिची सवलत काढणं हे सरकारचं काम नव्हे. सवलत काढायची तर ती अटी मोडल्या म्हणून काढावी. पण अटीच लिहिलेल्या नसल्या की सवलत मर्जीवर येते आणि मर्जीवरच जाते. 1967 ला कंपनीची मर्जी चालली, 2023 ला राज्यपालांची. नागरिकांना दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही.

अमेरिकेबाहेर गेल्यावर तर करारांचा फरक डोळ्यांत भरतो, कारण कंपनी एकच, किल्ला जवळपास तसाच, आणि कागद मात्र प्रत्येक ठिकाणी निराळा. टोकियोत समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर ओरिएंटल लँड या जपानी कंपनीने सगळा पैसा स्वतः घातला आणि मालकी स्वतःकडे ठेवली. डिस्नेला तिकिटांच्या उत्पन्नातून सुमारे 10 टक्के आणि खाणं-खरेदीतून सुमारे 5 टक्के रॉयल्टी. उद्यान धो-धो चाललं आणि खरा नफा मालकाकडे गेला. हे शल्य मनात घेऊन डिस्ने युरोपात गेली. मार्च 1987 मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान झाक शिराक यांच्याबरोबर सही झाली. पॅरिसच्या पूर्वेला सुमारे 1,940 हेक्टरचा विकास कंपनीच्या हाती आला, उपनगरी रेल्वे उद्यानाच्या दारापर्यंत आली आणि पुढे वेगवान टीजीव्हीचं स्थानकही झालं. कंपनीने 49 टक्के हिस्सा ठेवला, उरलेले शेअर युरोपातल्या लोकांना विकले. एप्रिल 1992 मध्ये उद्यान उघडलं आणि दोन वर्षांत कर्जाच्या ओझ्याखाली त्याची फेररचना करावी लागली. तेव्हा बँका होत्या, सौदी राजपुत्र अलवालीद बिन तलाल होते. 1989 मध्ये हौसेने शेअर घेतलेला सामान्य गुंतवणूकदार मात्र त्या खोलीत नव्हता.

हाँगकाँगमध्ये सरकारने 57 टक्के हिस्सा घेतला, वर समुद्रात भराव, रस्ते आणि रेल्वेचाही भार उचलला. 2005 मध्ये उघडलेल्या उद्यानाने पहिला वार्षिक नफा 2012 मध्ये दाखवला. रॉयल्टी आणि व्यवस्थापन शुल्क हे मात्र नफ्यावर अवलंबून नसतं. बहुसंख्य हिस्सा हाती असूनही उत्पन्नातून आधी कोण उचलतं हे पाहिलं नाही, तर हिस्सा म्हणजे निव्वळ तोट्यातली भागीदारी ठरू शकते. शांघायच्या सरकारी समूहाने 57 टक्के घेतलेच, शिवाय उद्यान चालवणाऱ्या कंपनीतही 30 टक्के हिस्सा मिळवला. आधीच्या तीन शहरांचे कागद त्यांनी वाचले असावेत असं मला मनापासून वाटतं.

आणि काही ठिकाणी लोकांनी 'नको' म्हटलं. नोव्हेंबर 1993 मध्ये कंपनीने व्हर्जिनियात हेमार्केटजवळ अमेरिकेच्या इतिहासावरचं उद्यान जाहीर केलं. मॅनासास या यादवी युद्धातल्या रणभूमीपासून जागा जवळ होती. राज्याने रस्ते वगैरेंसाठी 16 कोटी डॉलरहून अधिक मंजूरही केले. इतिहासकार आणि स्थानिक रहिवासी उभे राहिले, आणि सप्टेंबर 1994 मध्ये कंपनीने माघार घेतली. कंपनी रागावली नाही की बुडाली नाही. शहराने प्रश्न विचारले तर गुंतवणूक पळून जाते, ही भीती दाखवणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं: प्रकल्प गेला, व्हर्जिनिया तिथेच आहे.

आता ॲनाहाइम. 1950 च्या जनगणनेत हे साडेचौदा हजारांचं गाव होतं, 1960 मध्ये वस्ती एक लाखावर गेली. आज हॉटेलांवरचा कर हा शहराच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत आहे आणि त्याचं कारण डिस्नेलँड आहे. म्हणून कंपनीने शहराला काहीच दिलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण 1996 चा करार बघा. उद्यानाच्या विस्तारासाठी शहराने सुमारे 51 कोटी डॉलरचे रोखे काढायचं कबूल केलं. त्यातून परिसरातले रस्ते सुधारले, संमेलन केंद्र वाढलं आणि सुमारे 10,000 गाड्या मावतील असं बहुमजली वाहनतळ उभं राहिलं. वाहनतळाचा खर्च सुमारे 10 कोटी 80 लाख डॉलर. कंपनीला ते भाड्याने दिलं, वर्षाला 1 डॉलर भाड्याने. गाड्या लावण्याचं शुल्क कंपनी घेते. रोखे फिटले की वाहनतळ कंपनीच्या मालकीचं.

एबीसीने 5 लाख घातले आणि हिस्सा घेतला. ॲनाहाइमने दहा कोटींच्या वर घालून वर्षाला 1 डॉलर घेतला. दोघांच्या समोर बसलेली कंपनी एकच होती. फरक होता तो टेबलाच्या अलीकडच्या बाजूला. एबीसीचे वकील स्वतःच्या पैशासाठी बोलत होते. शहराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या पैशाचा सौदा केला, आणि विस्तार दुसरीकडे जाईल ही धास्ती त्यांच्या डोक्यावर होती. 2015 मध्येही तसंच झालं: 100 कोटी डॉलरच्या गुंतवणुकीच्या बदल्यात 30 वर्षं प्रवेशतिकिटावर कर लावणार नाही, अशी हमी शहराने दिली. 1955 ला प्रवेशाला 1 डॉलर लागत असे. आज सर्वांत गर्दीच्या दिवसाचं तिकीट 200 डॉलरच्या वर गेलं आहे. त्यातला एक टक्काही शहराने मागू नये अशी ती हमी होती.

या उद्यानात काम करणाऱ्या माणसांचा विषय मी शेवटी ठेवला, कारण त्यांच्याच हातून 1996 चा करार उलटा फिरला. कंपनीच्या कामगारांचं मागणं नवं नाही. मे 1941 मध्ये आर्ट बॅबिट या नावाजलेल्या ॲनिमेटरला काढून टाकल्यावर बरबँकच्या स्टुडिओतल्या चित्रकारांनी संप केला होता. पगारातली तफावत आणि पडद्यावर न येणारी नावं ही त्यांची तक्रार होती. संघटनेला मान्यता मिळाली आणि वॉल्टने तो संप कधी माफ केला नाही. 2018 च्या सुरुवातीला कामगार संघटनांनी करून घेतलेल्या पाहणीत डिस्नेलँडच्या सुमारे तीन-चतुर्थांश कामगारांनी मूलभूत खर्चही भागत नाही असं सांगितलं. मागच्या दोन वर्षांत बेघर व्हावं लागलं असं सांगणारे दहातले एकाहून जास्त होते. पाहणी संघटनांची होती, हे धरूनही तो आकडा हादरवणारा आहे. किल्ल्यासमोर हसून हात हलवणारा माणूस रात्री गाडीत झोपत असेल, तर त्या किल्ल्यासाठी काढलेल्या रोख्यांचा हिशेब शहराने मागायलाच हवा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात शहरातल्या मतदारांनी 'मेझर एल' हा किमान वेतनाचा प्रस्ताव मंजूर केला. पर्यटन व्यवसायातल्या ज्या मालकांना शहराचं अनुदान मिळतं, त्यांनी तासाला किमान 15 डॉलर द्यायचे आणि पुढे दरवर्षी वाढवायचे. मतदानाआधीच, ऑगस्टमध्ये, कंपनीने 2015 ची करहमी आणि नव्या हॉटेलासाठी मिळालेली सवलत स्वतःहून सोडून दिली. आता आपण कोणतंच अनुदान घेत नाही, असं तिचं म्हणणं. खालच्या न्यायालयाने ते मान्यही केलं. पण 1996 चा कागद तसाच होता. जुलै 2023 मध्ये अपिलाच्या न्यायालयाने तो वाचला आणि त्यातून कंपनीला मिळणारा कराचा परतावा हे शहराचं अनुदानच आहे, म्हणून वेतनाचा नियम लागू होतो, असा निकाल दिला. 2024 च्या अखेरीस कंपनीने सुमारे 51,000 आजी-माजी कामगारांसाठी 23 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड मान्य केली.

त्याच 2024 मध्ये ॲनाहाइमच्या नगर परिषदेने उद्यानाच्या पुढच्या विस्ताराला मंजुरी दिली. या खेपेला कंपनीने दहा वर्षांत किमान 190 कोटी डॉलर गुंतवायचं लेखी मान्य केलं आहे, परवडणाऱ्या घरांसाठी 3 कोटी डॉलर द्यायचे आहेत आणि शहरातल्या बागांसाठी 80 लाख. विस्ताराच्या आड येणारे सार्वजनिक रस्ते तिला हवे होते. ते शहराने 4 कोटी डॉलरना विकले. ही रक्कम कमी की जास्त, यावर ॲनाहाइममध्ये वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. 1996 मध्ये वाहनतळाच्या भाड्यावर असा वाद घालायला हवा होता.